कोगनोळीचा नसलेला व्हिडिओ

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, संक्षेपाने देत आहे. त्यांच्या यजमानांची पिकअप गाडी असून ते आठवड्यातून चार दिवस आसपासच्या शेतकऱ्यांचा कोबी, मिरची आणि कोथिंबीर कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोहोचवतात. सासरे मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. हल्ली त्यांचा बराचसा दिवस यूट्यूबवरील बातम्या पाहण्यात जातो. त्यांतले काही व्हिडिओ ते घरच्या आणि गावच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवतात. मध्यंतरी एका रात्री त्यांनी ‘कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्या फोडल्या, सीमा बंद’ असा व्हिडिओ पाठवला. यजमानांनी भरलेली गाडी अंगणातच ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळले की रस्ता रात्रभर सुरळीत चालू होता. कोथिंबीर फेकून द्यावी लागली, शेतकऱ्यांची बोलणी खावी लागली आणि बापलेकांत तीन दिवस अबोला झाला. त्याच आठवड्यात शेजारच्या कन्नड कुटुंबातील बाईंनी आपल्या मोबाइलवर हुबेहूब तीच दृश्ये दाखवली. त्या चॅनेलच्या मथळ्यात मात्र महाराष्ट्रात कर्नाटकच्या गाड्या फोडल्याचे म्हटले होते. वाचक भगिनी विचारतात: “कोणते चॅनेल विश्वासार्ह आहेत याची यादी द्याल का? निदान मोठ्या वाहिन्यांवर तरी भरवसा ठेवावा का? मामंजी एवढे शिकलेले असून असे कसे फसतात? घरातले वायफायच काढून टाकू, असे यजमान म्हणतात. तसे करावे का?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत दोन्ही व्हिडिओंचे दुवे पाठवलेत हे फार चांगले केले, कारण त्यामुळे मला उत्तर देण्याआधी ते पाहता आले. मराठी चॅनेलवरचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. प्रत्यक्ष घटनेची दृश्ये त्यात जेमतेम मिनिटभराची असून तीच पुन्हा पुन्हा फिरवली आहेत, आणि उरलेला वेळ निवेदक ‘पुढे काय घडले ते पाहा’ असे सांगण्यात घालवतो. या लांबणीमागे एक साधे व्यावहारिक कारण आहे. उत्पन्न मिळवणाऱ्या चॅनेलना आठ मिनिटे किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मध्येही जाहिराती टाकण्याची मुभा यूट्यूब देते, म्हणून दोन मिनिटांत सांगून होणारी बातमी ताणली जाते. मी व्हिडिओ एका ठिकाणी थांबवला, पडद्याचे छायाचित्र घेतले आणि गूगल लेन्समध्ये टाकले. डिसेंबर २०२२ च्या बातम्या समोर आल्या. ती दृश्ये ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातील ट्रकांवर दगडफेक केली त्या वेळची आहेत.

म्हणजे घटना खरी होती, गाड्याही महाराष्ट्राच्याच होत्या. त्यामुळे तुमच्या शेजारणीने दाखवलेला मथळा तर सरळ उलटा ठरतो, कारण ट्रकच्या मागच्या पाटीवरील ‘एमएच’ ही अक्षरे त्या व्हिडिओतही स्वच्छ वाचता येतात. मराठी मथळ्यातले खोटे अधिक हुशारीचे आहे. त्याने काळ बदलला आणि जागा बदलली. हिरेबागेवाडी बेळगावच्या पलीकडे धारवाडच्या वाटेवर आहे, आणि कोगनोळी निपाणीच्याही पुढे, कागलच्या अलीकडे. तुमचे यजमान खानापूरहून कोल्हापूरला निघतात तेव्हा हिरेबागेवाडी त्यांच्या वाटेत येतच नाही. कोगनोळीचा रस्ता वर्षानुवर्षे पायाखालचा असलेल्या माणसाने दृश्यातला टोलनाका कोगनोळीचा नाही हे ओळखले कसे नाही, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर असे की त्यांनी दृश्य पाहिलेच नाही. त्यांनी मथळा वाचला, आवाज ऐकला, आणि मग दृश्यातही तेच दिसू लागले. आपल्या सर्वांचे असेच होते.

म्हणून तुमच्या पत्रातील पहिल्या गृहीतकाशी थोडे थांबू. व्हिडिओ म्हणजे पुरावा, असे आपण मनाशी धरून चालतो. ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी, हा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा न्याय आहे. पण व्हिडिओत आपले डोळे दुसऱ्याने उचलून दुसरीकडे ठेवलेले असतात. तो कुठून सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे आपण ठरवत नाही. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच त्यात दिसत होते. मुळात ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली छोटी फिल्म होती, आणि तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात व हातातील फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसे जमावाने ठेचून मारली, आणि त्याच महिन्यात कर्नाटकात बिदर जिल्ह्यातही अशाच संशयावरून एका तरुण अभियंत्याचा जीव गेला. व्हिडिओतील एकही चित्र बनावट नव्हते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चेहऱ्यांची आणि आवाजांची भीती पुष्कळ बोलून दाखवली जाते. ती अनाठायी नाही. खऱ्यासारखी भासणारी कृत्रिम दृश्ये वापरल्यास तसे जाहीर करण्याचे बंधन यूट्यूबने मार्च २०२४ पासून निर्मात्यांवर घातले आहे. प्रामाणिक माणूस ते पाळेल, लबाड पाळणार नाही. परंतु तुमच्या अंगणात जे घडले त्याला कोणतीही बुद्धिमत्ता लागली नव्हती. जुना व्हिडिओ आणि नवा मथळा, एवढे भांडवल पुरले. आपल्या भागात येणाऱ्या खोट्यात याच जातीचे खोटे मला सर्वाधिक दिसते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराची दृश्ये त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात ‘आत्ताची’ म्हणून परत येतात, आणि त्यांबरोबर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने उद्याच्या शाळांच्या सुट्टीचे जुने पत्रकही येते, ज्यावरची तारीख कुणी पाहत नाही.

आता यादीविषयी. तुम्ही मागितलेली यादी मी देणार नाही, आणि त्यामागे कुणाची मर्जी सांभाळण्याचा हेतू नाही. यादी दिली की आपण बातमी तपासणे सोडतो आणि बोधचिन्ह तपासू लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यशोधन कक्षाने तीन यूट्यूब चॅनेल उघडे पाडले. त्यांचे मिळून सुमारे ३३ लाख सबस्क्रायबर होते, त्यांचे व्हिडिओ ३० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते, आणि त्यांच्या थंबनेलवर नामांकित दूरचित्रवाहिन्यांची बोधचिन्हे व निवेदकांची छायाचित्रे चिकटवलेली होती. सबस्क्रायबरांचा आकडा भरवशाचा नाही आणि ओळखीचा चेहराही नाही. वर्तमानपत्र काढायचे तर नोंदणी करावी लागते, अंकात संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापावी लागतात. यूट्यूबवर नावापुढे ‘न्यूज’ लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

मोठ्या वाहिन्यांचे म्हणाल, तर त्यांच्याकडे बातमीदार असतात, संपादक असतो, आणि चूक झाली तर नोटीस पाठवायला पत्ता असतो. हा फायदा खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. परंतु सीमाभागाच्या बाबतीत मोठ्या वाहिन्यांचे एक वैगुण्य आहे. आपण त्यांना वर्षातून दोनदाच दिसतो, एकदा १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या दिवशी, आणि एकदा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधील कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात. मग एका ट्रकवर पडलेला दगड दिवसभर पडत राहतो. मुंबईच्या स्टुडिओत बसून पाहणाऱ्याला वाटते की बेळगाव पेटले आहे, आणि त्याच वेळी गणपत गल्लीत माणसे निवांत बाजार करत असतात. दाखवलेले दृश्य खरे, पण त्याचे प्रमाण खोटे, असा हा प्रकार आहे. विश्वासार्हता आणि दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात त्या यासाठी.

याच्या उलट आपल्याकडची गावोगावची छोटी चॅनेल. एक तरुण, एक मोबाइल, स्वतःच्या चॅनेलचे नाव लावलेला एक माइक. शुद्धलेखन यथातथा, पार्श्वसंगीत कर्कश. तरीही मलप्रभेला पाणी चढले की पुलावर उभा राहून दाखवणारा तोच असतो, आणि त्याच्या मागे दिसणारे देऊळ तुम्ही ओळखता. अशा चॅनेलवर मी माझ्यापुरता अधिक विश्वास ठेवतो, पण एका अटीवर. ही चॅनेल पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालतात. ज्याच्या शुभेच्छा ठळक झळकतात त्या पुढाऱ्याविषयीची बातमी तिथे पाहू नये. रस्त्याची, पाण्याची आणि बाजारभावाची जरूर पाहावी. चॅनेलवर सरसकट विश्वास ठेवण्याऐवजी कोणत्या विषयापुरता ठेवायचा हे असे ठरवता येते. घरात आपण हेच करतो. एखाद्या मामांना शेतीचे विचारतो, पण सोयरिकीचे विचारत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नात मला थोडा राग दिसला, आणि त्याहून जास्त आश्चर्य. शिकलेले असूनही मामंजी कसे फसतात? शिक्षणाचा आणि या कौशल्याचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाचे दहा पीएचडीधारक अभ्यासक, बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. इतिहासाचे अभ्यासक आणि विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले, आणि रुबाबदार नाव व बोधचिन्ह पाहून कित्येकदा फसले. व्यावसायिक मात्र क्षणभर पान पाहून बाहेर पडले आणि त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. त्यांना कमी वेळ लागला आणि ते अधिक अचूक ठरले. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर मुलांना धडा लक्षपूर्वक वाचायला शिकवले. अनोळखी व्हिडिओच्या बाबतीत मात्र अकरा मिनिटे लक्षपूर्वक पाहण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला बाहेर येऊन इतरत्र डोकावणे उपयोगाचे असते. ही त्यांची मूर्खता नव्हे, त्यांची शिस्तच इथे उलटली.

दुसरे कारण मी लिहिण्याआधी तुम्हाला माहीत असणार. सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहणारा माणूस ‘निकाल जवळ आला’ असा मथळा पाहिल्यावर तो न उघडता पुढे जाऊ शकत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि या वीस-बावीस वर्षांत ‘उद्या निर्णय’ सांगणारे किती व्हिडिओ आले याची गणती करता येणार नाही. ते बनवणाऱ्यांना तुमच्या सासऱ्यांची वाट पाहणे नेमके ठाऊक आहे. मजा अशी की हीच एक बातमी घरबसल्या तपासता येते, कारण न्यायालयाच्या संकेतस्थळावर सुनावणीच्या प्रकरणांची यादी आगाऊ लागते आणि प्रकरणाची स्थितीही पाहता येते. यादीत नाव नसेल तर उद्या निर्णय नाही.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी बरीच वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर काम केले, आणि एका पावसाळ्याच्या रात्री, पान सोडायला दहा मिनिटे असताना, पुराचे एक छायाचित्र ‘आजचे’ म्हणून मी पानात लावले. ते आदल्या वर्षीचे होते. सकाळी चंदगडच्या एका वाचकाचा दूरध्वनी आला: “साहेब, तो पूल गेल्या साली वाहून गेला, यंदा तो आहेच कुठे?” त्या वाचकाने कोणतेही तंत्र वापरले नव्हते. तो पूल त्याच्या ओळखीचा होता, एवढेच.

त्या वाचकाकडे जे होते ते तुमच्या घरातही आहे. दूरच्या सत्यशोधकाकडे साधने असतात, पण हिरेबागेवाडी आणि कोगनोळी यांतला फरक त्याला नकाशावर शोधावा लागतो. न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो अशा संस्था मराठीतूनही चांगले काम करतात, आणि देशभर पसरलेल्या अफवेसाठी त्यांच्याकडे जरूर पाहावे. पत्र सूचना कार्यालयाचा कक्ष केंद्र सरकारविषयीच्या दाव्यांपुरता पाहावा, आणि तो सरकारचाच आहे हे लक्षात ठेवून पाहावा. पण कोगनोळीच्या नाक्यावर काल रात्री काय झाले याचा शोध घ्यायला त्यांपैकी कुणी येणार नाही. तो तुम्हालाच घ्यावा लागेल. व्हिडिओचा आवाज बंद करा, मथळ्यावर अंगठा ठेवा आणि फक्त चित्र पाहा. गाड्यांच्या पाट्यांवर केए २२ आहे, केए २३ आहे की एमएच ०९? म्हणजे बेळगाव, चिक्कोडी की कोल्हापूर? बस लाल एसटी आहे की कर्नाटकची? दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? सरकारी फलकावर ‘बेळगाव’ आहे की ‘बेळगावी’? १ नोव्हेंबर २०१४ रोजी नाव बदलल्यानंतरचे सरकारी फलक वेगळे आहेत, त्यामुळे जुने चित्र कधीकधी फलकावरूनच उघडे पडते. खाजगी दुकानांवर मात्र जुने नाव आजही दिसते, तेव्हा त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. अंगावर स्वेटर आहेत आणि बाहेर जूनचा पाऊस चालू आहे, तर तो व्हिडिओ आजचा नाही. आणि निवेदक जर ‘येळ्ळूर’चा उच्चार अडखळत करत असेल, तर बातमी खोटी आहे असे नव्हे, पण तो इथून फार लांब बसला आहे एवढे नक्की.

याहून मोठी गोष्ट तुमच्या पत्रात आहे, आणि तुम्ही तिच्याकडे तक्रार म्हणून पाहिलेत. शेजारणीने तीच दृश्ये कन्नडमध्ये दाखवली, त्यामुळे तुम्ही गोंधळलात. खरे तर त्या क्षणी तुमची सुटका झाली. एकाच भाषेत जगणाऱ्या माणसाला आपल्या बातमीतला रंग दिसत नाही, कारण त्याच्याकडे तुलनेला दुसरे काही नसते. सीमाभागातील माणसाला एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वर्णने रोज फुकट मिळतात. मराठी चॅनेलवर ‘कानडी दादागिरी’ असते, कन्नड चॅनेलवर त्याच संध्याकाळी ‘एमईएस पुंडाटिके’ असते. (एमईएस म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, आणि ‘पुंडाटिके’ हा कन्नड शब्द आपल्या ‘पुंडाई’चा सख्खा भाऊ आहे, भांडणाचा शब्दसुद्धा दोन्ही घरांत एकच निघावा, याची मला नेहमी गंमत वाटते.) दोन्हींकडची विशेषणे खोडून टाका. मग जे उरते, म्हणजे गावाचे नाव, वेळ, किती माणसे, कुणावर गुन्हा नोंदला, ते समोरासमोर ठेवा. जेवढे दोन्हींकडे जुळते तेवढे बऱ्यापैकी पक्के धरावे. त्यातही एखादी बाजू स्वतःच्या सोयीविरुद्ध काही मान्य करत असेल, तर ते अधिकच पक्के.

नोव्हेंबर २०२२ मधील जतचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील गावांनी कर्नाटकात येण्याचा ठराव केला आहे, असे कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगितले. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिले की तो ठराव २०१२ चा, पाण्याच्या टंचाईतून झालेला आहे आणि अलीकडे तसे कुणी काही केलेले नाही. केवळ कन्नड बातम्या पाहणाऱ्याला वाटले की जत निघाले. केवळ मराठी बातम्या पाहणाऱ्याला वाटले की ठराव कधी नव्हताच. दोन्ही वाचणाऱ्याला कळले की ठराव होता, जुना होता, आणि त्याचे मूळ भाषेत नव्हते तर कोरड्या पडलेल्या विहिरींत होते. पुढे १४ डिसेंबर २०२२ रोजी दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या दिल्लीतील बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले की बड्या नेत्यांच्या नावाने चालवलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही वातावरण बिघडवण्यात भर घातली होती. म्हणजे ज्या संदेशांची पडद्यावरील छायाचित्रे दाखवून दोन्हींकडची चॅनेल रात्रभर भांडली, त्यांतले काही नेत्यांचे नव्हतेच. नेत्याचे विधान दाखवणाऱ्या व्हिडिओत तो नेता बोलताना दिसतो की केवळ छायाचित्र आणि मजकूर दिसतो, हे पाहण्याची सवय इथून लावून घ्यावी.

तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला कन्नड बोलता येते पण सफाईने वाचता येत नाही, आणि सातवीतला मुलगा मात्र भराभर वाचतो. मग बातमी वाचायचे काम त्याच्याकडे द्या, पण निवाड्याचे देऊ नका. आज्जांनी मराठी मथळा वाचावा, नातवाने त्याच घटनेचा कन्नड मथळा वाचून त्याचा अर्थ सांगावा, आणि फरक दोघांनी शोधावा. नातवासमोर आज्जा चुकीचे ठरतील असा प्रसंग मात्र मुद्दाम घडवून आणू नका; पोर ते विसरेल, आज्जा विसरणार नाहीत.

यजमानांसाठी वेगळे सांगतो, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना बातमीच्या खरेखोटेपणाशी काम नाही, गाडी काढायची की नाही याच्याशी आहे. ज्या निर्णयात पैसा, प्रवास किंवा जीव गुंतला आहे तो कोणत्याही व्हिडिओवर घेऊ नये, अगदी खऱ्या व्हिडिओवरसुद्धा, कारण तो खरा असला तरी काही तासांपूर्वीचा असतो. निपाणीत किंवा कागलमध्ये राहणारा एखादा ओळखीचा गाडीवाला आणि यार्डातला त्यांचा अडत्या, या दोघांना दूरध्वनी केला की पाच मिनिटांत स्थिती कळते. खरोखर तणाव असला की दोन्ही राज्ये आधी आपापल्या बस थांबवतात, असा आजवरचा अनुभव आहे, म्हणून बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कोल्हापूरच्या बस सुटत आहेत का, हे विचारणे ही सर्वांत सोपी परीक्षा. त्या रात्री हे झाले असते तर कोथिंबीर यार्डात पोहोचली असती. व्हिडिओ पाठवण्याची चूक मामंजींची होती, पण न विचारता गाडी उभी ठेवण्याची चूक यजमानांची होती, आणि अबोला एकट्या मामंजींच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

वायफाय काढण्याचा विचार सोडून द्या. त्याने मामंजी पारावर जाऊन दुसऱ्याच्या मोबाइलवर तेच पाहतील, आणि तिथे शंका काढणारे कुणी नसेल. गटावर चारचौघांत त्यांना खोटे पाडणे हा दुसरा पर्याय तुमच्या दिरांनी करून पाहिला असे तुम्ही लिहिता, आणि परिणामही लिहिता: त्या रात्री त्यांनी आणखी तीन व्हिडिओ पाठवले. माणूस तेव्हा बातमीचा बचाव करत नसतो, स्वतःच्या मानाचा करत असतो. गप्प राहण्याचा पर्याय तुम्ही बराच काळ पाळलात. तोही आता परवडणारा नाही, कारण गावच्या गटात दोनशे माणसे आहेत आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावाने आलेली गोष्ट तिथे खरी मानली जाते. दुहेरी बाणाचे, पुष्कळ वेळा पुढे पाठवल्याचे चिन्ह असलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप २०२० पासून एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा एकाच गटात पाठवू देते, ते अशाच कारणाने. पण गुरुजींच्या नावाला असले कोणतेही चिन्ह लागत नाही.

म्हणून त्यांच्याशी एकट्याने, आणि शक्यतो तुम्हीच बोला. मुलापेक्षा सुनेचे ऐकून घेणे या वयात अनेकांना सोपे जाते. वेळ मात्र संध्याकाळच्या बातम्या आटोपल्यानंतरची असू द्या. ‘तुम्ही खोटे पाठवले’ असे म्हणू नका. तो व्हिडिओ आवाज बंद करून त्यांच्यापुढे लावा आणि विचारा, “मामंजी, हा टोलनाका कोणता?” धारवाडला परीक्षांच्या कामासाठी ते अनेकदा गेले असतील, त्यांना तो ओळखता येईल असा माझा अंदाज आहे. ओळखला की पुढचे त्यांच्यावर सोडा. गटावरचा व्हिडिओ पुसून टाकायला सांगू नका, कारण पुसलेली गोष्ट कुणाला दुरुस्त करता येत नाही. त्याच्याच खाली त्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या तर उत्तम: दृश्ये हिरेबागेवाडीची, तारीख ६ डिसेंबर २०२२. वह्या तपासताना चुकीच्या उत्तराखाली बरोबर उत्तर लाल शाईने लिहिण्याची सवय त्यांना असणारच.